न्यूमोनिया, जुलाब आणि रक्तातले जंतू: पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडाशी जुलाब आणि थंडीत न्यूमोनिया, हे बालरोग वॉर्डाचं ठरलेलं वेळापत्रक. पण दरवर्षी काही लेकरं दोन्ही एकदम घेऊन येतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. पाच वर्षांखालच्या मुलांचे आईबाबा, आज्या, आशाताई आणि तालुक्याच्या ठिकाणी नव्याने रुजू झालेले डॉक्टर मला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बाळ आत्ता आजारी असेल तर आधी प्रश्न ४ वाचा, बाकीचं नंतर.

१. "बाळाच्या रक्तात इन्फेक्शन झालंय" असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे नक्की काय? रक्त बदलावं लागतं का?

रक्त बदलावं लागत नाही. रक्त "खराब" झालेलं नसतं, त्यात जिवंत जीवाणू शिरलेले असतात. तसे आपल्या सगळ्यांच्याच रक्तात अधूनमधून चार-दोन जंतू शिरतात, अगदी दात घासताना हिरडीला खरचटलं तरी. यकृत आणि प्लीहा ते लगेच टिपून काढतात. जंतू टिपले जाण्याच्या वेगापेक्षा वाढण्याचा वेग जास्त झाला की ते रक्तात टिकून राहतात आणि मेंदूचं आवरण, हाडं, सांधे असे कुठेही जाऊन बसू शकतात. रक्तात असे जिवंत जीवाणू असण्याला बॅक्टेरिमिया म्हणतात.

सेप्सिस हा शब्दही तुमच्या कानावर पडेल. जंतूंशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि त्या लढाईत स्वतःच्याच किडनी, हृदय, मेंदूला इजा होऊ लागते, तो सेप्सिस. रक्तात जंतू सापडले म्हणजे सेप्सिस झालाच असं नाही. उलट सेप्सिस असून तपासणीत जंतू न सापडणं तर रोजचं आहे (प्रश्न ९).

२. न्यूमोनिया छातीत, जुलाब पोटात. मग जंतू रक्तात पोहोचतात कसे?

फुप्फुसातले हवेचे फुगे आणि रक्तवाहिनी यांच्यामधला पडदा अतिशय पातळ असतो. तो तसा नसेल तर ऑक्सिजन रक्तात जाणारच नाही. न्यूमोनियात तोच पडदा सुजतो, फाटतो, आणि न्यूमोकोकससारखा जंतू, जो एरवी कितीतरी मुलांच्या नाकात गुपचूप राहत असतो, पलीकडे उतरतो.

आतड्याचंही तसंच. आतड्याच्या अस्तरावर एकच थर पेशींचा असतो आणि आत कोट्यवधी जंतू नांदत असतात. जुलाबात ते अस्तर सोलवटलं की ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या आतड्यातल्याच जंतूंना वाट मिळते. टायफॉइडच्या जंतूला तर वाट मोकळी होण्याचीही गरज नसते, तो स्वतःच आतड्याची भिंत ओलांडून जातो.

३. दोन्ही आजार एकदम झाले तर धोका दुप्पट होतो, असं समजायचं का?

दुपटीच्या हिशेबात बसवू नका. दोन्ही एकदम होतात, याचा अर्थ बहुतेक वेळा त्या बाळाची प्रतिकारशक्ती आधीच कुठेतरी कमी पडलेली असते: कुपोषण, नुकताच येऊन गेलेला गोवर, अपुऱ्या दिवसांचा जन्म, सिकलसेल (प्रश्न १६). म्हणून आम्ही "न्यूमोनियाचं औषध आणि जुलाबाचं औषध" असं दोन कप्प्यांत बघत नाही. तिसरी शंका लगेच धरतो, की जंतू रक्तात तर गेले नाहीत ना?

याबद्दल आम्हाला खूप काही शिकवलं ते ढाक्यातल्या आयसीडीडीआर,बी या जुलाबाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या रुग्णालयाने. तिथले लोक त्याला अजूनही कॉलरा हॉस्पिटल म्हणतात. जुलाबासाठी येणाऱ्या मुलांचा ओघ तिथे अखंड असतो, त्यातल्या कितीतरी मुलांना सोबत न्यूमोनिया आणि तीव्र कुपोषण असतं. एकाच मुलात हे तिन्ही कसं वागतं याचा इतका बारकाईने अभ्यास फार थोड्या ठिकाणी झाला आहे. अशा मुलांच्या रक्तात न्यूमोनियाचे नेहमीचे जंतू तर सापडतातच, शिवाय आतड्याकडून आलेले जंतूही सापडतात. औषध निवडताना हा फरक महत्त्वाचा ठरतो (प्रश्न १३).

४. घरी आम्ही काय बघायचं? दवाखान्यात कधी पळायचं?

बाळ शांत असताना किंवा झोपेत असताना अंगावरचं झबलं वर करा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. पोट वर आलं की एक. २ महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर दायांनाही हे मोजता यावं म्हणून मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं साधं यंत्र केलं होतं. तुमच्या हातात तर मोबाइल आहे.

मग बरगड्यांच्या खाली बघा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का? आपल्याकडे त्यालाच "पोट उडतंय" म्हणतात.

पुढच्यापैकी एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा: बाळ अंगावर ओढत नाही किंवा काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, झटका येतो, हाक मारली तरी नीट जागं होत नाही, पोट उडतंय, ओठ किंवा जीभ निळसर दिसते, हातपाय गार पडलेत, सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही, शीतून रक्त पडतं.

एक अनुभवाची गोष्ट सांगते. "डॉक्टर, हे नेहमीसारखं नाहीये" असं आई म्हणते तेव्हा मी आकडे बाजूला ठेवून बाळाला पुन्हा पहिल्यापासून तपासते.

५. ताप तर अजिबात नाही. मग इन्फेक्शन कसं असेल?

असू शकतं, आणि याच समजुतीने मुलं उशिरा येतात. ताप ही शरीराची प्रतिक्रिया आहे आणि त्यासाठी ताकद लागते. तीव्र कुपोषित बाळाकडे किंवा महिन्याभराच्या तान्ह्याकडे ती नसते. अशा बाळाच्या रक्तात जंतू असताना अंग उलट गार पडतं. काखेत ३५ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान गेलं तर ते ३९ च्या तापाहून जास्त घाबरण्यासारखं आहे. त्याच मुलांची साखरही पटकन उतरते. म्हणून सुकलेलं, सुस्त बाळ आलं की आम्ही बोटाला टोचून साखर बघतो, आणि ५४ मिलीग्रॅमच्या (१०० मिली रक्तात) खाली असेल तर आधी साखर देतो, मग बाकीचं.

दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं बाळ (६ महिने ते ५ वर्षं) तीव्र कुपोषित धरतात. अंगणवाडीताईंकडे यासाठी रंगीत पट्टी असते, तिचा लाल भाग म्हणजे हेच. अशा बाळात आणखी एक फसवणूक होते. छातीचे स्नायू इतके अशक्त असतात की मोठा न्यूमोनिया असूनही पोट उडताना दिसत नाही.

६. जुलाबामुळेसुद्धा श्वास वाढतो म्हणे. मग न्यूमोनिया आहे की नाही हे कळणार कसं?

हा प्रश्न बहुतेक वेळा तरुण डॉक्टरांचा असतो, आणि तो खरोखर अवघड आहे. जुलाबातून बायकार्बोनेट वाहून जातं, रक्त आम्लधर्मी होतं, आणि ते आम्ल बाहेर टाकायला बाळ जोरजोरात श्वास घेतं. हा श्वास जलद तर असतोच, शिवाय खोल असतो. खोकला नसतो, ऑक्सिजनही चांगला असतो. न्यूमोनियाचा श्वास उथळ, कण्हत कण्हत चाललेला.

पण दोन्ही एकत्र असले की एक दुसऱ्याला झाकतं. शुष्क झालेल्या बाळाच्या छातीत स्टेथोस्कोपला करकर ऐकू येत नाही, एक्स-रेसुद्धा साफ दिसू शकतो, आणि पाणी भरून निघाल्यावर तीच छाती वाजायला लागते. म्हणून पाणी भरून काढा आणि पुन्हा श्वास मोजा. तरीही जलद असेल तर न्यूमोनिया समजून चला. मधल्या काळात ऑक्सिमीटर ९० च्या खाली दाखवत असेल तर वाट बघायची नाही, ऑक्सिजन लावायचा. बाळाचे पाय गार असतील तर आधी पाऊल चोळून गरम करा, नाहीतर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो.

७. कल्चरसाठी एवढंसं बाळ आणि एवढं रक्त काढतात! खरंच गरज असते का?

वजनाप्रमाणे १ ते ३ मिली, म्हणजे साधारण अर्धा चमचा. आठ किलोच्या बाळाच्या अंगात साधारण ६४० मिली रक्त असतं. बाळ किंचाळतं, आईचे डोळे भरतात, हे मी रोज बघते. पण कमी रक्त घेतलं तर त्यात जंतू सापडण्याची शक्यताच कमी होते. टायफॉइडमध्ये तर एका मिलीत एखाददुसराच जंतू असतो.

हे रक्त जंतूंना आवडणाऱ्या पोषक द्रवाच्या बाटलीत घालतात आणि बाटली अंगाच्या उबेला ठेवतात, यालाच कल्चर म्हणतात. नवीन यंत्रांच्या बाटलीच्या बुडाशी एक छोटी चकती असते. आत जंतू वाढले, त्यांनी वायू सोडला, की तिचा रंग पालटतो आणि यंत्र इशारा देतं. खरे जंतू बहुधा २४ ते ४८ तासांत दिसतात. मग तो कोण आणि कुठल्या औषधाला दबतो हे कळायला आणखी एक-दोन दिवस. काहीच वाढलं नाही तरी बाटली सहसा ५ दिवस ठेवतात, म्हणून शेवटचा रिपोर्ट उशिरा येतो. औषध मात्र त्यासाठी थांबत नाही, रक्त घेतल्याक्षणी सुरू होतं.

छोट्या दवाखान्यांसाठी: रक्त भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. एकदा माझ्याकडे अशी रात्रभर गारठलेली बाटली आली होती, आणि त्या बाळाचं रक्त दुसऱ्यांदा काढणं शक्य नव्हतं, औषध चालू झालं होतं.

८. गावातल्या डॉक्टरांनी आधीच अँटिबायोटिक दिलंय. आता कल्चर करून काय उपयोग?

उपयोग कमी होतो, संपत नाही. काही बाटल्यांत औषध शोषून घेणारे कण असतात, आणि दिलेल्या औषधाला न दबणारा जंतू असेल तर तो वाढतोच. तुम्ही एक करा: औषधाची बाटली, चिठ्ठी, इंजेक्शनची रिकामी कुपी, जे असेल ते सोबत आणा. "पांढरं गोड औषध होतं" यावरून आम्हाला काही कळत नाही. सांगायला संकोच करू नका, कुणी रागावणार नाही.

९. रिपोर्ट "नो ग्रोथ" आला, तरी इंजेक्शनं चालूच. पैसे उकळतात का?

ही शंका मनात येणं मी समजू शकते, पण उत्तर नाही असंच आहे. न्यूमोनियाच्या बहुतेक मुलांच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, कारण जंतू फुप्फुसात असतात आणि रक्तात थोडे किंवा थोडाच वेळ असतात. कल्चर जंतू सापडल्याचं खात्रीने सांगतं, नसल्याची खात्री देत नाही. तेव्हा डॉक्टर बाळाकडे बघून ठरवतात. मात्र बाळ खेळू लागलं, पिऊ लागलं, आणि ४८ तासांनी कल्चर स्वच्छ असेल, तर "आता इंजेक्शन बंद करून तोंडी औषध देता येईल का?" हे जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

१०. रिपोर्टमध्ये जंतूचं नाव आलं, आणि डॉक्टर म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नका. असं कसं?

सुई कातडीतून जाते आणि कातडीवर नेहमीच जंतू असतात. "कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ" असं नाव एकाच बाटलीत आलं आणि बाळ बरं असेल तर तो बहुधा कातडीवरचाच. पण बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा शिरेत बरेच दिवस नळी असेल तर तोच जंतू खरा ठरू शकतो. साल्मोनेला (टायफॉइडचा जंतू याच घराण्यातला), न्यूमोकोकस, ई. कोलाय, क्लेबसिएला ही नावं मात्र कधीच सोडून द्यायची नसतात.

११. सीआरपी वाढलाय म्हणजे रक्तात जंतू आहेत ना?

नाही. सीआरपी म्हणजे सूज असल्याची खूण, ती विषाणूनेही वाढते. आजाराच्या पहिल्या काही तासांत तो कमी असू शकतो. एका आकड्यावरून काही ठरत नाही.

१२. जुलाबाने बाळ सुकलंय, आणि सलाईन थेंबथेंब लावलंय. भराभर का देत नाहीत?

नुसते जुलाब असतील आणि बाळ फार सुकलं असेल तर सलाईन भराभरच देतात, तोच उपचार आहे. न्यूमोनिया, सेप्सिस किंवा कुपोषण सोबत असेल तर गणित बदलतं. केनिया, युगांडा आणि टांझानियात ३१४१ गंभीर आजारी मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ताप आणि शॉकच्या (रक्ताभिसरण कोलमडण्याच्या) खुणा असलेल्या मुलांना भराभर सलाईन दिलं तर ४८ तासांत शंभरातली साधारण साडेदहा मुलं दगावली, हळू दिलं तिथे साधारण सात. सगळ्यांना उलटं वाटत होतं. त्या अभ्यासात जुलाबाची मुलं मुद्दाम घेतली नव्हती, त्यामुळे त्याचा निष्कर्ष जुलाबावर जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून दोन्ही असलेल्या बाळाजवळ सिस्टर दर थोड्या वेळाने श्वास, नाडी आणि यकृताची कड बघत उभ्या असतात आणि त्यावरून वेग ठरवतात. कुपोषित बाळाचं हृदय दुबळं असतं, जास्त पाणी त्याला झेपत नाही.

बाळ पीत असेल तर ओआरएस वाटी-चमच्याने, थोडं थोडं. एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकू नका. अंगावरचं दूध बंद करू नका. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे हजारो रोगी वाचवले, तेव्हा सलाईन संपलं होतं.

१३. "हाय पॉवर" अँटिबायोटिक आधीच दिलं तर लवकर बरं होणार नाही का?

औषधाची पॉवर नसते, नेम असतो. धोक्याची खूण नसलेला, फक्त जलद श्वासाचा न्यूमोनिया तोंडी अमॉक्सिसिलिनने बरा होतो. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला अँटिबायोटिक लागतच नाही. गंभीर न्यूमोनियात सुरुवातीला अँपिसिलिन आणि जेंटामायसिन अशी जोडी देतात. पहिलं न्यूमोकोकससारख्यांवर, दुसरं आतड्याकडून आलेल्या जंतूंवर. कल्चर आलं की नेम बदलता येतो. मोठ्या भावाचं उरलेलं सिरप दोन दिवस देऊन थांबवणं, मेडिकलमधून "मागच्या वेळचंच द्या" म्हणून आणणं, यातून औषधाला न दबणारे जंतू तयार होतात, आणि मग खरंच गरज पडते तेव्हा आमच्या हातात औषध उरत नाही.

१४. बाळाच्या नाकातली नळी पाण्याच्या बाटलीत सोडलीय, बुडबुडे येतात. हा काय प्रकार?

त्याला बबल सीपॅप म्हणतात. श्वास सोडताना नळीचं टोक पाण्यात असल्याने थोडा दाब राहतो आणि फुप्फुसातले फुगे मिटत नाहीत. ढाक्याच्या त्याच रुग्णालयात (प्रश्न ३) डॉ. मोहम्मद जोबायर चिश्ती यांनी शांपूच्या रिकाम्या बाटलीवर हे करून दाखवलं. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात साध्या नळीने ऑक्सिजन दिलेल्या ६७ मुलांपैकी १० दगावली, बबल सीपॅपच्या ७९ पैकी ३. बुडबुडे थांबले तर लगेच सिस्टरना हाक मारा. घरी मात्र हा प्रयोग करू नका.

१५. बाळ दीड महिन्याचं आहे. नियम तेच का?

नाही. २ महिन्यांखाली दूध कमी ओढणं, हालचाल मंदावणं, अंग गरम किंवा गार, जलद श्वास, यातलं एकही लक्षण म्हणजे रक्तात जंतू असू शकतात असं धरून लगेच दवाखाना. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात त्या याचसाठी. त्यांना बाळ उघडून बघू द्या, गुंडाळलेलं दाखवू नका.

१६. आमच्या घरात सिकलसेल आहे. काही वेगळं करावं लागतं?

हो, बरंच. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, विदर्भाच्या इतर भागांतून हा प्रश्न नेहमी येतो. सिकलसेलच्या मुलाची प्लीहा पहिल्या काही वर्षांतच निकामी होऊ लागते, आणि रक्तातले जंतू टिपण्याचं मोठं काम तिचं असतं (प्रश्न १). त्यामुळे न्यूमोकोकस आणि साल्मोनेला अशा मुलाच्या रक्तात पटकन फोफावतात. "एसएस", म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला ताप आला की त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना, घरी पॅरासिटामॉल देऊन बघायचं नाही. पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. "एएस", म्हणजे फक्त वाहक असलेल्या मुलाला हा धोका नसतो.

१७. सासूबाई म्हणतात डबा झालाय, चटका दिला की उतरेल. आणि जुलाब दातांचे आहेत. काय सांगू त्यांना?

आजींची नजर बरोबर आहे हे आधी सांगा. त्या ज्याला डबा म्हणतात, ते पोट उडणं म्हणजे गंभीर न्यूमोनियाच. आजार त्यांनी ओळखला, फक्त उपाय चुकला. पोटावर तापलेल्या लोखंडाचा चटका म्हणजे कातडीचं कुंपण मोडून जंतूंना आणखी एक वाट उघडणं. मी अशी चटक्यांच्या रांगा असलेली पोटं तपासली आहेत. त्या बाळांच्या आया निष्काळजी नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. ओव्याच्या पुरचुंडीचा कोमट शेक द्यायला हरकत नाही, पण दवाखान्याच्या वाटेवर.

दात येतानाच्या वयात बाळ सगळं तोंडात घालतं, म्हणून जुलाब होतात. दातांमुळे नाही.

१८. लस घेतली तर हे टळतं का?

बरंच टळतं. पेंटाव्हॅलेंट (६, १०, १४ आठवडे) हिब जंतूपासून वाचवते, पीसीव्ही (६ आणि १४ आठवडे, मग ९ महिने) न्यूमोकोकसपासून, रोटा जुलाबापासून, एमआर गोवरापासून. सरकारी दवाखान्यात सगळ्या मोफत. पीसीव्ही देशभर २०२१ मध्ये सुरू झाली, त्यामुळे मोठ्या भावंडाच्या कार्डावर ती नसेल. टायफॉइडची नवी लस नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना द्यायला सुरुवात केली. सरकारी कार्यक्रमात ती देणारं ते जगातलं पहिलं ठिकाण. आतड्यातल्या ई. कोलाय, क्लेबसिएलासाठी मात्र लस नाही. तिथे साबण, स्वच्छ पाणी आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.

१९. सुट्टी मिळाली. आता धोका संपला ना?

पुढचे काही आठवडे डोळ्यांत तेल घालून राहा, विशेषतः बाळ कुपोषित असेल तर. अशी मुलं घरी गेल्यावर पुन्हा आजारी पडतात आणि तेव्हा घरचे "आत्ताच तर बरं झालं" म्हणून थांबतात. प्रश्न ४ मधल्या खुणा फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याशेजारी लिहून लावा. तोंडी औषध सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्या. झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस: ६ महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलीग्रॅमची एक गोळी, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर आईच्या दुधात विरघळवून. दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. दंडाचा घेर लाल पट्टीत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती व्हा. तिथे आईला राहायची सोय असते. आणि दिलेल्या तारखेला वजनासाठी आणा, बाळ अगदी टवटवीत दिसत असलं तरीही.